बीपीच्या गोळ्या

१

सारंग पडला तेव्हा लोकांना वाटलं, प्यायलाय.

सकाळची वेळ. ग्रँड कॅनाल डॉकचं स्टेशन, डार्ट लोकलमधून उतरलेली लॅपटॉपवाली गर्दी, आणि त्या गर्दीत इस्त्रीचा शर्ट घातलेला एक उंच माणूस वाऱ्यातल्या वेलासारखा डुलत जिना उतरत होता. हात थरथरत होते. कुणीतरी विचारलं, "बरा आहेस ना?" त्याला उत्तर द्यायचं होतं, पण शब्द ओठांशी येऊन विरघळत होते. पायरी चुकली. पाठीवरच्या सॅकमधून स्टीलचा डबा निसटला आणि ठणठणत पार खाली गेला. माणूस नंतर पडला, डबा आधी.

हॉस्पिटलात रक्त तपासलं आणि सगळ्यांचे चेहरे बदलले. मन स्थिर ठेवण्यासाठी सारंग लिथियम घेत होता. ते रक्तात जितकं असायला हवं त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. थोडं कमी पडलं तर उपयोग नाही, थोडं जास्त झालं तर विष, असं ते औषध. सलाईन लावलं, गोळ्या थांबवल्या, जीव वाचला.

मग सुरू झालं खरं दुखणं. दोष कुणाचा?

गोळ्या लिहून दिल्या होत्या ऑर्लाने. ऑर्ला डॉक्टर नव्हे. मनोविकारांची नर्स, पुढचं शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन औषधं लिहिण्याचा अधिकार मिळवलेली. महिन्याभरापूर्वी तिनेच डोस वाढवला होता. सारंगचा मेहुणा, बायकोचा भाऊ गिरीश, नास गावच्या हॉस्पिटलात डॉक्टर. त्याने तक्रार केली: नर्सच्या हाती पेन दिलं की असंच होणार. झालं. चौकशी होईपर्यंत ऑर्लाने काही लिहायचं नाही, असा हुकूम निघाला.

चौकशी आली वृंदाकडे. वृंदा हॉस्पिटलची फार्मासिस्ट, औषधांच्या चुका शोधणारी. मूळची नाशिकची. पन्नाशी उलटली तरी दिवसातून दहा वेळा कपाळावर हात मारायची सवय सुटली नव्हती.

"तू मराठी आहेस, फॅमिली मराठी आहे, तुला सोपं जाईल," वरिष्ठ म्हणाल्या. "शुक्रवारी कमिटी आहे."

"सोपं?" वृंदा मनात म्हणाली. "माझी माणसं मला खरं सांगतील असं या बाईला वाटतंय!"

२

ऑर्लाच्या खोलीत खिडकीत जेरेनियमच्या कुंड्या होत्या, टेबलावर चहाचा मग होता, आणि मगाभोवती तिचे दोन रिकामे हात. लिहायची सवय असलेले हात रिकामे असले की कसे अवघडतात, ते वृंदाला दिसलं.

"डोस मी वाढवला," ऑर्ला म्हणाली. "लपवायचं काय त्यात? त्याची झोप उडाली होती, बोलणं धावायला लागलं होतं. कन्सल्टंटशी बोलले, वाढवला. पुढच्या आठवड्यात रक्त तपासलं. लेव्हल अगदी हवी तिथे. तो म्हणाला, आता ग्रँड वाटतंय."

"मग?"

"मग पुढच्या तपासणीला आलाच नाही. फोन केला तर म्हणतो, आई भारतातून आलीय, ती बरोबर यायचं म्हणते, म्हणून येता येत नाही."

"म्हणजे? आई येते म्हणून मुलगा रक्त द्यायला येत नाही?"

"मला काय विचारतेस? तुझ्या देशातली आई आहे."

वृंदाने कपाळाला हात लावला. "बरं. त्याला काय काय सांगितलं होतंस?"

"सगळ्यांना सांगते तेच. पाणी पीत राहा. अंगदुखीची ती आयबुप्रोफेन घेऊ नकोस. उलट्या-जुलाब झाले तर आधी मला फोन. डाएटची, उपासाची खुळं नकोत, मीठ एकदम सोडू नकोस. वर हेही म्हटलं की चिप्स खाल्लेस तरी मी ओरडणार नाही." ती जराशी हसली. "घरात आणखी कुणाला असं काही होतं का, तेही विचारलं. वडिलांना फक्त बीपी, म्हणाला."

"यातलं त्याने काय मोडलं?"

"काहीच नाही म्हणतो. आणि वृंदा, तो माझ्याशी खोटं बोलत नाही."

"सगळे पेशंट खोटं बोलतात, ऑर्ला. आमचे जरा जास्त नीटनेटकं बोलतात."

ऑर्लाने खिडकीकडे पाहिलं. "इथले ज्युनियर डॉक्टर सहा-सहा महिन्यांनी बदलतात. प्रत्येकाला त्याने पहिल्यापासून सांगायचं: कसा आनंद चढत गेला, कशी नोकरी जाता जाता राहिली, कसा पुलावर उभा होतो. एकदा तर उठून निघून गेला होता तो. गोळ्याही बंद. मग माझ्याकडे आला. मी इथेच असते गं. तेच माणूस ऐकतं, तेच माणूस लिहितं. म्हणून टिकला. माझं पेन गेलं तर मी दुसरं काम बघेन. पण तो..."

वृंदाचा फोन वाजला. वॉर्डमधून होता. ऐकता ऐकता तिचा चेहरा आक्रसला.

"काय?"

"सारंग म्हणतोय, ऑर्ला लिहिणार नसेल तर यापुढे कुठलीच गोळी घेणार नाही. कुणाचीच."

३

सिटीवेस्टची नवी घरं एकसारखी. एकच दार वेगळं निघालं, कारण त्याच्या फटीतून फोडणीचा वास येत होता.

दार सारंगच्या बायकोने उघडलं. अश्लेषाच्या गळ्यात अजून ऑफिसचं कार्ड होतं. वृंदाला आत घेण्याऐवजी तीच बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

"वृंदाताई, एक रिक्वेस्ट. सासूबाईंना त्या गोळ्या बीपीच्या आहेत असंच माहितीये. तर तुम्ही... बीपीच्या डिपार्टमेंटमधल्या."

"बीपीचं डिपार्टमेंट?"

"प्लीज ना."

"अगं, त्यांचा मुलगा स्टेशनवर कोसळला, हातपाय थरथरत होते. त्यांना काय सांगितलंत?"

"बीपी वाढलं."

वृंदाने आकाशाकडे पाहिलं. तिथेही कुणी खरं सांगण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. ऊन होतं आणि पाऊसही.

आत कौमुदीकाकू शेगडीपाशी उभ्या होत्या. गुहागरच्या, बुटक्याशा, नऊवारीवर लोकरीचं जाकीट. ओठांत काहीतरी गुणगुणत होत्या.

*दूरदेशीच्या माझ्या लेका, तुझं दुखणं सांग मला,*
*सुपात घेऊन पाखडीन, खडा टाकीन बाजूला.*

वृंदा दारातच थांबली. त्या दोन ओळींत असं काही होतं की तिचा राग क्षणभर खाली बसला. नाशिकला तिची आईही भांडी घासताना असंच काहीतरी जुळवत बसायची.

"ये गो," काकू वळल्या. "हॉस्पिटलातली ना तू? आधी जेव. मग विचार काय विचारायचं ते."

"काकू, मी कामाला..."

"पोटात काही नसताना कसलं काम होतं?"

शेगडीवर दोन पातेली होती. एक मोठं, एक लहान झाकणाचं. दोन्हींत वालाचं बिरडं. काकूंनी लहान पातेल्यातलं बिरडं स्टीलच्या डब्यात भरलं. "हा सारंगचा. हॉस्पिटलातलं उकडलेलं त्याला जायचं नाही. आल्यापासून त्याचा डबा मीच देते. त्याआधी बाहेरचं खायचा, चिप्स नि बर्गर. शी!" मग वृंदाकडे पाठ करून त्यांनी मोठं पातेलं ढवळलं आणि वाढायला घेतलं.

बिरडं अप्रतिम होतं. आमसुलाची आंबट धार, खोबऱ्याचा गोडवा, आणि वाल असे शिजलेले की जिभेवर ठेवताच शरण यावेत. वृंदा तपासाला आली आहे हे तीन घास विसरली.

"काकू, त्याला काढा, चूर्ण असं काही दिलंत का?"

"छे गो. डॉक्टरच्या गोळ्या चालू असताना आपली वैदूगिरी करू नये. एवढं मला कळतं." हे त्या अशा ठामपणे म्हणाल्या की वृंदाने मान वर केली.

"आणि गोळ्या कोण देतं?"

"मी," अश्लेषा घाईने म्हणाली. "आठवड्याच्या डबीत भरून ठेवते. वरच्या प्रेसमध्ये." इथे राहून तिचं कपाट कधीच प्रेस झालं होतं.

"पाकिटं?"

"ती... टाकून देते लगेच." डोळ्यांनी सासूकडे इशारा. नाव वाचलं तर?

वृंदा उठली. डबीत जितक्या गोळ्या उरायला हव्यात तितक्याच होत्या. कुणी जास्त दिली नव्हती, कुणी दुप्पट घेतली नव्हती. ती डबी परत ठेवायला गेली, आणि कपाटातून एक चंदेरी पट्टी घसरून ओट्यावर पडली.

आयबुप्रोफेन.

अश्लेषाचा चेहरा पांढराफटक झाला.

४

"ती माझी गो," काकू शांतपणे म्हणाल्या. "गुडघ्यांसाठी. गिरीशने दिली. एक घेतली, पोटात आग आग झाली. ठेवून दिली तशीच."

पट्टीत खरंच एकच खोबण रिकामी होती. ज्या गोळीने सारंगचं लिथियम चढलं असतं, ती सारंगपर्यंत पोचलीच नव्हती. वृंदाने सुस्कारा सोडला. सुटकेचा म्हणावा तर त्यात चीडच जास्त होती. एक धागा हाती येतो म्हणावं तर तो गुडघ्यापाशी संपतो!

पण लिथियम चालू असलेल्या घरात ती पट्टी डॉक्टरनेच आणून ठेवली होती. वृंदा नासला गेली.

गिरीश ड्यूटी संपवून हॉस्पिटलशेजारच्या कॅफेत बसला होता. कडक कॉलर, दमलेले डोळे.

"हे बघा मॅडम, मला नर्सेसबद्दल अतिशय आदर आहे..."

"पण," वृंदा म्हणाली.

"काय?"

"या वाक्यानंतर 'पण' येतोच. तो घेऊन टाका, पुढे जाऊ."

गिरीश ताठ झाला. "पण लिथियम! सर्दीची गोळी आहे का ती? आम्ही एवढी वर्षं घासून शिकतो, आणि इथे कोणीही..."

"कोणीही नाही. वर्षानुवर्षं वॉर्डात काढून, वर शिकून, परीक्षा देऊन. आणि तिच्या डोक्यावर कन्सल्टंट आहे. तुम्ही शेवटचं लिथियम कधी सुरू केलंत?"

"मी मेडिसिनला आहे."

"म्हणजे कधीच नाही. आयबुप्रोफेन मात्र त्या घरात ठेवलीत."

"ती काकूंसाठी! आणि सारंगला मी बजावलं होतं, हात लावू नको म्हणून."

"लावला नाही त्याने. म्हणजे ऐकतो तो. आता मला सांगा, हात एका सकाळीत थरथरायला लागत नाहीत. आधी कुणालाच काही बोलला नव्हता?"

गिरीशने कप फिरवला. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. वृंदाने वाट पाहिली. तिच्या नोकरीतलं निम्मं काम वाट पाहण्याचं होतं आणि तेच तिला सगळ्यात जड जायचं.

"फोन केला होता त्याने," तो शेवटी म्हणाला. "म्हणाला, कपातला चहा सांडतोय. मी नाईटला होतो. म्हटलं, कॉफी कमी कर."

"झालं?"

"झालं."

"ऑर्लाला फोन कर, असं म्हणावंसं वाटलं नाही?"

"नर्सला काय विचारायचं, म्हटलं." वाक्य तोंडातून गेलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्याने मान खाली घातली.

तक्रार इतकी जोरकस का होती, ते वृंदाला कळलं. माणूस स्वतःवर चिडला की दुसऱ्याविरुद्धचा अर्ज फार चांगला लिहितो.

"आणि ही बीपीची आयडिया कुणाची?"

"माझी. अहो, गुहागरची बाई. मनाचा आजार म्हटलं की हाय खाईल, गावभर होईल. बीपी कसं, सभ्य आजार आहे. सगळ्यांच्या घरी असतो."

"सभ्य आजार!" वृंदा उठली. "धन्य आहे तुमची सगळ्यांची."

"पण मॅडम," गिरीशने मागून विचारलं, "मी फोनवर चुकलो, मान्य. तरी लेव्हल चढली कशाने? गोळ्या बरोबर, पट्टी तशीच. मग डोसच जास्त होता, दुसरं काय?"

वृंदा तोच प्रश्न घेऊन बाहेर पडली. आणि उद्या गुरुवार होता.

५

सारंग उशीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, डोळे निवळलेले. समोर डबा उघडा होता, अर्धा खाल्लेला.

"मॅडम, तुम्ही ऑर्लाला अडकवायला आलात का?"

"मला कुणाला अडकवायचं नाही रे बाबा. मला घरी जाऊन पाय वर करून बसायचंय. ते तुम्ही कुणी होऊ देत नाही आहात."

तो हसला. मग गंभीर झाला. "ती नसेल तर मी पुन्हा पहिल्यापासून नाही सांगणार. नव्या माणसाला, नव्या चेहऱ्याला. मला माहितीये गोळ्या सोडल्या की काय होतं. तरी नाही सांगणार. दमलो मी."

हे तो रडवेला होऊन म्हणाला असता तर वृंदाने समजूत घातली असती. तो अगदी साधेपणाने म्हणाला. आज भाजी आणायला जाणार नाही म्हणावं तसं. 

तिने आजचा रिपोर्ट पाहिला. सलाईन चालू होतं तोवर लिथियम भराभर उतरलं होतं. सलाईन काढलं, डबा सुरू झाला, आणि उतरणं अडखळलं होतं. गोळ्या तर बंदच. मग?

"इथे कुणी काही दिलं का तुला खायला? गोळी, पावडर?"

"आईचा डबा फक्त. आणि त्यातलंही जात नाही. आई इतक्या प्रेमानं करते, पण गेले तीनेक आठवडे मला सगळं पत्र्यासारखं लागतं. या औषधानं चव जाते, ऑर्लाने सांगितलंच होतं. आईला कसं सांगणार? म्हणून गप खातो."

"वालाचं बिरडं पत्र्यासारखं? तुझी जीभ आहे की..."

सकाळपासून वृंदाच्या पोटात एका बिस्किटाशिवाय काही नव्हतं. त्या बिरड्याची आठवण कालपासून तिचा पाठलाग करत होती. "उरलंय ते टाकणारच असशील ना?" असं म्हणत तिने चमचा उचलला.

आमसूल होतं. खोबरं होतं. वालही तसेच, जिभेवर शरण येणारे.

तिने दुसरा घास घेतला. मग चमचा हळूच खाली ठेवला.

"मॅडम? काय झालं?"

"सारंग," ती म्हणाली, "तुझ्या जिभेला काहीही झालेलं नाही."

६

त्याच संध्याकाळी हॉस्पिटलच्या फॅमिली रूममध्ये वृंदाने सगळ्यांना बोलावलं. सारंग व्हीलचेअरवर, शेजारी अश्लेषा. गिरीश दारापाशी, पळून जायची सोय ठेवून. काकू सोफ्याच्या कडेवर, मांडीवर डबा. आणि ऑर्ला, जिला यातलं एक अक्षर कळणार नव्हतं आणि जिचं सगळं याच अक्षरांवर अवलंबून होतं. तिच्यासाठी वृंदा अधूनमधून थांबून इंग्रजीत सांगत होती आणि दोन्ही भाषांत सारखीच वैतागत होती.

"डोस वाढल्यावर लेव्हल तपासली होती. बरोबर होती. म्हणजे डोस चुकला नव्हता. चूक त्यानंतरची. त्यानंतर या घरात बदललं काय? गोळ्या तेवढ्याच. ती चंदेरी पट्टी तशीच. बदल एकच: काकू आल्या."

"मी?" काकू म्हणाल्या.

"तुम्ही आलात, डबा सुरू झाला, बाहेरचे चिप्स-बर्गर बंद झाले. काल तुमच्या घरी बिरडं खाल्लं, आणि आज त्याच्या डब्यातलं खाल्लं. तेच वाल, तेच आमसूल. फक्त एक गोष्ट नव्हती. काकू, लहान पातेलं वेगळं का ठेवता?"

काकूंनी डब्यावर हात ठेवला. "त्यात मीठ घालत नाही गो."

"मोठ्यात मात्र मागाहून घालता. पाठ करून."

"मग? याला सांगून का घालायचं? 'आई, अळणी नको' म्हणून हट्ट धरला असता. लहानपणापासून मिठाला हावरा. म्हणून आमसूल जरा जास्त टाकायचं, कळत नाही." त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "बीपी आहे ना त्याला? बीपीला मीठ वर्ज्य. हे तर पोरासोरांनाही ठाऊक आहे."

वृंदाने तेवढं ऑर्लाला इंग्रजीत सांगितलं.

"लिथियम आणि मीठ," वृंदा आता हळू आवाजात बोलत होती, "मूत्रपिंडाला या दोघांत फारसा फरक कळत नाही. पोटात मीठ जायचं अचानक थांबलं की ते घाबरतं, असेल नसेल ते मीठ धरून ठेवतं. आणि मिठाबरोबर लिथियमही. गोळी तीच, डोस तोच, पण बाहेर पडायची वाट बंद. रोज थोडं थोडं साठत गेलं. इथे आल्यावर सलाईनने उतरलं. सलाईन म्हणजे तरी काय? मिठाचं पाणी. सलाईन निघालं, डबा आला, पुन्हा अडकलं. ऑर्लाने मिठाचं बजावलं होतं. सारंगने मीठ सोडलंच नव्हतं. त्याला वाटलं, औषधाने चव गेली. आणि ज्या एका माणसाच्या हातात मीठ होतं, त्या माणसालाच तुम्ही सगळ्यांनी मिळून बीपी सांगितलंत! रक्त तपासायला गेला असता तरी वेळेत कळलं असतं. तेही गेला नाही, कारण आईला काय सांगायचं?"

गिरीश भिंतीला टेकला. "बीपी मी सांगायला लावलं," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं तरी.

"कसलं काय सांगायला लावलंस?" काकूंची नजर एकाकडून दुसऱ्याकडे फिरली. "मग गोळ्या कसल्या आहेत?"

अश्लेषाने तोंड उघडलं, मिटलं. वृंदाने सारंगकडे पाहिलं. हे तिचं सांगणं नव्हतं.

सारंगने आईचा हात धरला. त्याचा हात आता थरथरत नव्हता. "आई, मला बीपी नाही. मनाचा आजार आहे. कधी नको इतका आनंद चढतो, मग खाली खाली जातो. त्याच्या गोळ्या आहेत. लिथियम नावाच्या."

काकूंनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं, खाडीवरून ढगाची सावली जावी तसं.

"लिथियम," त्या म्हणाल्या. उच्चार अगदी स्वच्छ होता. सरावाचा. "म्हणजे बाबांची गोळी."

"कोणाची?"

"तुझ्या बाबांची. रत्नागिरीच्या डॉक्टरांची. ते जाईपर्यंत चालू होती."

"बाबांना बीपी होतं!"

"बीपी मी सांगत होते," काकू म्हणाल्या.

आता वृंदालाही भाषांतर सुचेना. ऑर्ला तिच्या बाहीला ओढत होती, "काय? काय म्हणाल्या त्या?"

"तू लहान होतास. गाव लहान. माणसाला वेडा म्हणायला लोकांना कितीसा वेळ लागतो? म्हटलं, बीपी. आणि डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, बाई, यांच्या जेवणात मीठ कमी करायचं नाही, उपास करू द्यायचा नाही. मी त्यांचं ताट कधी मीठ चाखल्याशिवाय वाढलं नाही रे. कधीच नाही." त्यांचा आवाज तिथे फुटला. "मला एवढं एक नाव सांगितलं असतंत. एक नाव. या हातांनी मी माझ्या पोराला..."

"आई, नको."

"पाकीट तरी ठेवायचं होतंस गो अश्लेषा! मी डोळे मिटून ओळखली असती ती गोळी."

अश्लेषा त्यांच्या पायाशी बसली आणि रडू लागली. काकू एका हाताने तिच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या आणि दुसऱ्या हाताने सारंगला धरून होत्या. मांडीवरचा डबा घसरला, तो गिरीशने झेलला.

वृंदाने ऑर्लाला सगळं सांगितलं.  मग ऑर्ला काकूंसमोर गुडघ्यावर बसली.

"त्यांना विचार, वडिलांना त्या गोळीचा गुण आला होता का?"

वृंदाने विचारलं.

"आला म्हणजे?" काकूंनी डोळे पुसले. "त्या गोळीवर त्यांनी शाळा चालवली, दोन पोरींची लग्नं केली. सांग तिला."

"मग याच्यासाठी याहून चांगली बातमी नाही," ऑर्ला म्हणाली. "वडिलांना जे मानवलं ते बहुधा मुलालाही मानवतं. वर्षभर मी विचारतेय, घरात कुणाला होतं का. प्रत्येक वेळी उत्तर: बीपी."

"बीपी," वृंदाने कपाळावर हात मारला. "पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे फक्त बीपी."

गिरीश पुढे आला. ऑर्लासमोर उभा राहिला, इंग्रजीत काहीतरी जुळवू लागला, अर्ध्यावर अडला. मग नुसतं म्हणाला, "तक्रार आजच मागे घेतो. आणि त्याने मला फोन केला होता, तेही कमिटीला सांगतो." ऑर्लाने मान हलवली. माफ केलं असं त्यात नव्हतं. पण बस म्हणाली, आणि बाजूची खुर्ची सरकवली.

शुक्रवारी कमिटीला फार वेळ लागला नाही. त्याच दुपारी ऑर्ला वॉर्डात आली, कन्सल्टंटशी बोलून आलेली, खिशात पेन अडकवलेली. सारंगने तिला पाहिलं आणि गोळीसाठी हात पुढे केला.

"आत्ता नाही, उतावळ्या. आधी रक्तातलं लिथियम नीट खाली येऊ दे. मग कमी डोसने सुरू करू," ती म्हणाली. "आणि या खेपेला तपासणीला आईला घेऊनच यायचं."

काकूंनी डबा उघडला होता. चिमटीत मीठ घेऊन त्या चमच्याने चाखत होत्या, पुन्हा चाखत होत्या. इतक्यात त्यांचा फोन वाजला. गुहागरहून नणंद. स्पीकर चुकून लागला.

"सारंगला काय झालं गो वहिनी? कळलं की हॉस्पिटलात आहे म्हणून."

अश्लेषा जागच्या जागी थिजली. गिरीशने खिडकीबाहेर पाहिलं. सारंग आईकडे बघत होता.

काकूंनी चिमटीतलं मीठ डब्यात सोडलं. "त्याच्या बाबांचंच आहे गो," त्या म्हणाल्या. "बीपी नव्हतं ते."

"हां, ते होय," पलीकडून आवाज आला. "मग गोळ्या चालू आहेत ना त्याच? दादाला चांगला गुण आला होता."

काकूंचा हात तसाच हवेत राहिला. "तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक होतं गो. तू बीपी म्हणायचीस, म्हणून आम्हीही बीपी म्हणायचो."

काकूंनी फोन डोळ्यांसमोर धरून त्याच्याकडे असं पाहिलं की नणंद समोर असती तर चार पावलं मागे सरली असती.

"मेले!" त्या म्हणाल्या. "आणि एवढी वर्षं मला बीपीवर लसूण सुचवत होते!"

सारंग हसायला लागला. हसता हसता त्याने डब्यातला घास तोंडात घातला, आणि थांबला. डोळे मिटले.

"आई," तो म्हणाला, "थोडं जास्त झालंय मीठ."

"गप खा," काकू म्हणाल्या.